पत्र आणि पत

पत्र धाडणे आणि पत्र पोचणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ईमेलचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोहोंमधील अंतराचाच इतिहास होय.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांस एकदम धाडली. तक्रारी झाल्या, समजही देण्यात आली. परंतु पायंडा पडला तो पडलाच.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेल वाहून नेण्याचे नियम सिद्ध केले. त्यांत प्रेषकाचे नाव खरे की खोटे, हे पाहण्याची सोय नव्हती. जाळे लहान, माणसे बहुतेक ओळखीची. तेथे कुलपाची गरज कोणास भासावी? पुढे जाळे जगभर पसरले. टपालहशील नसल्याने लक्षावधी जाहिराती धाडणे स्वस्त झाले. तेव्हा १९९७ च्या सुमारास उपद्रवी संगणकांच्या काळ्या याद्या निघाल्या. २००२ साली पॉल ग्रॅहॅम यांनी पत्रातील शब्दांवरून संभाव्यतेच्या गणिताने निवाडा करण्याची रीत मांडली. कचरा पुष्कळ अडला. तथापि सुक्याबरोबर ओलेही जळते. एखाद्या प्रामाणिक दुकानदाराचे सूचनापत्रही ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडून राहू लागले.

मग ओळखीचा पुरावा आला. २००६ च्या ‘एसपीएफ’ने कोणत्या संगणकांनी आपल्या नावे पत्रे धाडावीत हे जाहीर करता आले, २००७ च्या ‘डीकेआयएम’ने पत्रावर मोहोर उमटली, मोहोर न जुळल्यास काय करावे, हे २०१२ च्या ‘डीमार्क’ने सांगितले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या ग्राहकांस दिवसाकाठी ५००० हून अधिक पत्रे धाडणारांस ही तिन्ही बंधने घातली. जाहिरातीच्या यादीतून नाव काढण्याची सोपी सोय हवी, आणि तक्रारी हजारी तिनाच्या आत हव्यात, असेही बजावले.

यातील शेवटची अट सर्वांत मोलाची. मोहोर फक्त ओळख पटविते. पत्र हवे की नको, हे ज्याच्या घरी ते येते तोच ठरवितो. जुन्या काळी हुंडी वटे ती कागद पाहून नव्हे, पेढीची पत पाहून. आज जाहिरातदाराची पत वाचकाच्या संमतीवर उभी आहे. ज्याने मागितले त्यालाच धाडावे, नको म्हणताच थांबावे. युक्तीने दार उघडेल, पण उघडे राहणार नाही.