खानेसुमारीत हरवलेले दादा-परदादा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ज्या घराण्यांना जहागिरी होत्या, इनामे होती, त्यांचे शजरेही जपले गेले. पण परमुलखातल्या बंदरांत फिरलेला खलाशी किंवा साहेबाच्या मुलांना सांभाळत सातासमुद्रापार गेलेली आया, यांचा शजरा कोणी लिहिला? आपल्या समाजात बहुतेक घरांची आठवण परदादापाशी येऊन थांबते. त्यापलीकडच्या माणसाची एखादी ओळ उरलीच असेल, तर ती सरकारी कागदात. आणि त्यातही खानेसुमारीत.

खानेसुमारी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. हिंदुस्थानात ती 1872 साली सुरू झाली आणि 17 फेब्रुवारी 1881 रोजी प्रथमच सर्वत्र एकाच वेळी झाली. गणना करणारे दारोदार जाऊन नावे लिहीत. परंतु बेरजा झाल्यावर ते मूळ तक्ते जपले गेले नाहीत. उरले ते आकड्यांचे ग्रंथ. तालुक्यात मुसलमान किती, साक्षर किती, हे त्यांतून कळते. आपला परदादा कळत नाही. पुढे 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गुप्त ठरवली.

इंग्लंडात मात्र तक्ते टिकले. तेथे 1841 पासून दर दहा वर्षांनी घरातील माणसांची नावे लिहिली गेली आणि शंभर वर्षांनंतर ती खुली होतात. 1921 ची खानेसुमारी जानेवारी 2022 मध्ये इंटरनेटवर आली. 1881 ची नावनिशी ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकचे काम करीत आले. खानेसुमारीच्या रात्री बंदरात उभ्या असलेल्या जहाजांसाठी वेगळे तक्ते असत आणि 1861 पासूनचे असे तक्ते शिल्लक आहेत. लंडनच्या लाइमहाउस भागात 1857 साली परदेशी खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडले; ते 1937 पर्यंत चालले. अशा संस्थांमधील माणसेही मोजली जात.

तरीही नाव टाकले आणि परदादा सापडला, असे सहसा होत नाही. कारण ते नाव त्याने स्वतः लिहिलेले नसते. त्याने उच्चारले, इंग्रज कारकुनाने ऐकले आणि आपल्या कानाप्रमाणे लिहिले. पुढे दीडशे वर्षांनी तिसऱ्याच कोणीतरी ते अक्षर वाचून संगणकात भरले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नावे भरताना आम्ही हेच पाहतो. उर्दूत एकाच हिज्जेने लिहिले जाणारे नाव मराठीत महंमद, मोहम्मद, महमद होते, आणि इंग्रजीत तर त्याचे आणखी फाटे फुटतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पाटण्याचे दीन महंमद. त्यांचे इंग्रजी प्रवासवर्णन 1794 साली निघाले, तेव्हा आडनावाच्या शेवटी ‘टी’ होता. पुढे तेथे ‘डी’ आला. त्यांच्या नावामागचा ‘शेख’ इंग्रजीत ‘सेक’ झाला. 1851 साली ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले. कबरीच्या दगडावर वय 101 लिहिले आहे. अभ्यासकांच्या मते त्यांचा जन्म 1759 चा, म्हणजे वय ब्याण्णवच्या आसपास. राजदरबारी वावरलेल्या माणसाची ही गत, मग खलाशाची काय असेल?

नावांच्या या घोळावर ‘साउंडेक्स’ नावाची युक्ती आहे. तीत पहिले अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देतात आणि स्वर सोडून देतात. महंमदचे बहुतेक सारे इंग्रजी हिज्जे ‘एम 530’ या एकाच खणात येतात. पण पहिले अक्षर बदलले की ही युक्ती फसते. कासिम हे नाव के, क्यू आणि सी अशा तिन्ही अक्षरांनी लिहिले जाते. तिघांचा अंक 250 च. खण मात्र तीन. म्हणून तिन्ही खण उघडून पाहावे लागतात. इस्माईल आय आणि ई अशा दोन्ही अक्षरांखाली शोधावा.

तेवढ्यानेही भागले नाही, तर नाव बाजूला ठेवावे. वय पाच-सात वर्षे मागेपुढे धरावे, कारण 1841 च्या तक्त्यात पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. जन्मस्थळात गावाचे नाव शोधू नये. परदेशी माणसाचा बहुधा देशच लिहीत, ‘इंडिया’ किंवा ‘ईस्ट इंडीज’. सारंग, टंडेल अशा हुद्द्यांवरून पाहावे. एका जहाजाचे खलाशी पुष्कळदा एकाच भागातले असत; म्हणून एक ओळखीचे नाव सापडले की त्या जहाजाची सारी यादी वाचून काढावी.

काही दारे कायमची बंद आहेत. इंग्लंडचे 1931 चे तक्ते 1942 च्या आगीत जळाले आणि 1941 साली युद्धामुळे खानेसुमारीच झाली नाही. स्त्रियांची वाट तर अधिकच अवघड. बोटींच्या प्रवासी याद्यांत आयांची नोंद पुष्कळदा नुसती ‘आया’ आणि पुढे मालकाचे आडनाव, अशी आढळते. तिचे स्वतःचे नाव कोणाला लिहावेसे वाटले नाही.

इंग्लंडात हा शोध बहुधा हौसेचा असतो. आपल्या देशात मात्र एके ठिकाणी तो नागरिकत्वाचा प्रश्न झाला. आसाममध्ये 1951 च्या जनगणनेच्या नोंदींवरून गाववार नागरिक नोंदवही तयार झाली होती. 2015 साली ती आणि 24 मार्च 1971 पर्यंतच्या मतदार याद्या इंटरनेटवर ठेवण्यात आल्या. त्यांत बाप-आजोबांचे नाव शोधा आणि आपले नाते सिद्ध करा, असे लोकांना सांगण्यात आले. एका कागदावर एक हिज्जे, दुसऱ्यावर दुसरे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईपाशी बापाशी नाते दाखवणारा शाळेचा दाखलाही नाही. 31 ऑगस्ट 2019 च्या अंतिम यादीतून 19,06,657 माणसे बाहेर राहिली. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. कारकुनाच्या लेखणीतला एक काना किती महाग पडू शकतो, हे तेथील गोरगरिबांना कळले.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर शजरा लिहून काढा. निकाहनामे, शाळेचे दाखले, खलाशांची नल्ली, जुनी रेशनकार्डे एकत्र ठेवा. प्रत्येक नाव कोणकोणत्या हिज्जेने लिहिले गेले, त्या सर्वांची नोंद करा. पाळण्यातले आणि हाक मारायचे नावही सोडू नका. आणि त्या शजऱ्यात दादी, नानी, परदादी यांची नावे पूर्ण लिहा. त्यांच्यासाठी ‘आया’ किंवा ‘अमक्याची बायको’ एवढेच लिहिणारे कारकून पूर्वी होऊन गेले. आपण तरी तसे लिहू नये.