प्रतिमा-संक्षेपण
डिजिटल छायाचित्राची फाईल लहान करण्याची, पण नजरेला फरक जाणवू न देण्याची प्रक्रिया. वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूर-नांदेडमध्ये अर्जांच्या हंगामात तिची गरज घरोघरी पडते. ‘नीट’च्या २०२३ च्या अर्जासाठी छायाचित्र १० ते २०० केबी, स्वाक्षरी ४ ते ३० केबी हवी होती, मोबाईलवरचा फोटो मात्र सहज काही एमबींचा असतो. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धत चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला कमी जाणवणारे रंगभेद व बारकावे गाळते. लांबी-रुंदी कमी करणे हाच पहिला उपाय. नुसती गुणवत्ता घटवल्यास स्वाक्षरीच्या कडा विस्कटतात. गाळलेला तपशील परत मिळत नाही, म्हणून मूळ फाईल जपावी. स्वाक्षरी अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये.