माशाचं शेपूट

गुजरीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला एक बाई घमेलं पालथं घालून त्यावर बसली आहे. तिला ओलांडून घाईने पुढे जाऊ नका. आज या बाजारात काय चाललंय ते तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. ती झारेकरीण. सोनारांच्या दारातला केर आणि गटारातला गाळ पहाटे गोळा करायचा, घमेल्यात पाणी घालून हेलकावे देत माती सोडून द्यायची आणि तळाशी राहिलेला कण विकायचा, हा तिचा धंदा. कानस चालली की सोन्याचा कीस उडतो. तो कारागिराच्या धोतराला, तळव्याला, नखात बसतो आणि हात धुतले की मोरीतून गटारात येतो. गेले तीन आठवडे मात्र या गटारात नुसतं गटारच आहे.

तारीख १ फेब्रुवारी १९६३, वार शुक्रवार, गाव कोल्हापूर. कसे आलात ते राहू द्या. तुमच्या कपड्यांकडे लोक बघतील, पण पलीकडेच अंबाबाई आहे, तिच्या पायाशी देशोदेशीची माणसं येतात, त्यात तुम्ही एक. फक्त डाव्या हाताची मूठ मिटून ठेवा. बोटात ती अंगठी आहे, तुमच्या गावातल्या एका छोट्या डिझायनर दुकानातून हौसेने घेतलेली. तिचं काय होतं ते पुढे येईलच.

गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना फळ्यांची दुकानं, आत पांढऱ्या गाद्या, तक्के, काचेच्या पेटीत वजनकाटा. एरवी या महिन्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. उसाचा हंगाम आहे, गुऱ्हाळं पेटलीत, शाहूपुरीत गुळाच्या रव्यांचे सौदे निघताहेत. शाहू महाराजांनी १८९५ साली ती पेठ वसवली तेव्हापासूनचं हे गणित आहे: गूळ शाहूपुरीत उतरतो आणि त्याचे पैसे संध्याकाळपर्यंत गुजरीत येतात. पुढे लग्नसराई. पण आज सराफ दारात उभे राहून एकमेकांशी बोलताहेत, आणि भरदुपारी दारात उभा असलेला सराफ हे काही चांगलं लक्षण नव्हे.

एका बोळकंडीत, जिना चढायच्या आधी, अण्णांचं दुकान. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. पाटी नाही. मोठ्या पेढ्या ठरलेला माल करून घेतात आणि विकतात; अण्णा स्वतः नक्षी काढतात, स्वतः ठसा कोरतात, स्वतः घडवतात. तुमच्या काळात याला स्टुडिओ म्हणतील आणि आत कॉफी विचारतील. इथे अण्णा मान वर न करता म्हणतात, “या, बसा की. च्या घेणार?”

बसा. समोर बागेसरी आहे, म्हणजे सोनाराची शेगडी, राखेनं भरलेली, मधोमध चार निखारे. शेजारी लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेली छोटी ऐरण, फुंकणी, चिमटे, टाकणखाराची वाटी, चिंचेच्या पाण्याचं मडकं, रिठ्यांची पुरचुंडी. तराजूपाशी डबीत गुंजा, लाल, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सरकारनं ग्रॅम आणलेत, अण्णांच्या काट्याला ते अजून पटलेलं नाही. कोपऱ्यात एक रिकामं पाटलं. तिथे बसणारं पोरगं परवाच गावी गेलं, ऊस तोडायला.

मग अण्णा लाकडी पेटी उघडतात आणि तुम्ही विचारलेलं नसताना ठसे मांडायला लागतात. काशाचे ठोकळे, त्यात उलटी कोरलेली चित्रं. चंद्र. बेलपान. शंख. नाग. कासव. भुंगा. कारलं. वाघनख. मासा. हा कोल्हापुरी साज. पुरा साज एकवीस पानांचा: दहा पानं विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचा ताईत. मधल्या जागेत जवमणी. प्रत्येक पान आतून पोकळ, त्यात लाख भरलेली, म्हणून गळाभर दिसतो आणि मानेला जड होत नाही. गरिबाच्या घरातही साज निघतो तो याच युक्तीमुळे. सोनं थोडं, हात फार.

अण्णांचा मासा बाजारातल्या माशासारखा नाही. त्याचं शेपूट वळलेलं आहे, पाण्यातून नुकता उसळल्यासारखं. “रंकाळ्यावर बघितला,” ते म्हणतात. “म्हटलं, समदे मासे सरळ का पोहत्यात?” तेवढ्या एका वळणासाठी त्यांनी तीन ठसे बिघडवले होते.

दारात सावली पडते. आई, मुलगी आणि मागे पटक्याचं टोक खांद्यावर घेतलेला बाप. पन्हाळ्याकडची माणसं. आईनं कनवटीची गाठ सोडून फडक्यातून एक साज काढला. आजीचा. पंधरा पानं आहेत, सहा नाहीत. त्यातली दोन कुणाच्या तरी दुखण्यात मोडली, बाकीची हरवली. मुलीचं लग्न ठरलंय.

“अण्णा, एवढी सहा पानं करून द्या. सोनं हाय आमच्याकडं.” एक तुटकी वाळी आणि दोन मणी तिने गादीवर ठेवले.

अण्णा गप्प. हात तराजूकडे जात नाही.

आता मागची गोष्ट ऐका, कारण अण्णा ती सांगणार नाहीत. चीनच्या युद्धानंतर देशाची परकी गंगाजळी आटली आहे. जगाच्या बाजारात सोनं तोळ्याला साडेबासष्ट रुपयांच्या हिशेबाने, आपल्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग ते चोरवाटांनी आत येणारच. ९ जानेवारीला अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जाहीर केलं. दागिन्यांखेरीज घरात सोनं असेल तर सरकारला कळवा. आणि यापुढे चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचा दागिना कुणी घडवायचा नाही. लोकांची सोन्याची भूक मारायची, म्हणजे चोरटा व्यापार मरेल, असा तो हिशेब. हिशेब कागदावर बरोबर दिसतो. नोव्हेंबरात याच गुजरीतल्या बायकांनी संरक्षण निधीला पाटल्या काढून दिल्या होत्या, अण्णांनीही स्वतःची अंगठी दिली. देशासाठी सोनं द्यायला कुणाची ना नव्हती. हात कुठून काढून द्यायचा, हा प्रश्न नवा होता.

“करून बघतो,” अण्णा म्हणतात. “कायद्याचं सोनं हाय माझ्याकडं. बघा डोळ्यानं.”

पुढची पाच मिनिटं तुम्हीही डोळ्यानेच बघा. लालसर पत्रा, चौदा कॅरेटचा. शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. अण्णा तो निखाऱ्यावर ठेवून फुंकणी ओठाला लावतात, गाल फुगतात, ज्योत जिभेसारखी पत्र्यावर फिरते. बावीस कॅरेटचं सोनं या धगीतून पिवळंच निघालं असतं. हा काळा पडला, त्यातल्या तांब्यानं तोंड काळं केलं. चिंचेच्या पाण्यात बुडवला, घासला. मग ठशावर ठेवला, वर शिशाचा तुकडा धरला आणि हातोडी. टक. टक. डोकं उमटलं. खवले उमटले. अण्णा थांबतात, पुन्हा तापवतात, पुन्हा ठोकतात. चौदा कॅरेटला दर चार ठोक्यांनी ताठा येतो. शेपटाच्या वळणापाशी ते हातोडी अलगद टाकतात, लहान पोराच्या पाठीवर थोपटावं तशी.

केसाएवढी भेग. अगदी वळणावर.

अण्णा पान चिमट्यात धरून आईसमोर करतात. काही बोलत नाहीत.

“मग सरळ शेपटाचा करा,” बाप म्हणतो. “न्हाईतर मासा नकोच. बदाम घाला एखादा.”

“मासा पायजे,” मुलगी म्हणते. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली. “आज्जीच्यात हुता.”

ही माणसं उठायच्या बेतात असताना तुमची मूठ सुटते, आणि अण्णांची नजर सोन्यावर पडली नाही असं आयुष्यात कधी झालेलं नाही. “बघू,” म्हणून ते हात पुढे करतात. आता नाही म्हणता येत नाही.

आधी तळव्यावर वजन. मग कसोटीच्या काळ्या दगडावर एक ओढ, तिच्यावर तेजाबाचा थेंब. ओढ फिकटते. मग बिलोरी भिंग. आतल्या बाजूला कोरलेला आकडा ते मोठ्याने वाचतात: “चौदा… पाचशे पंच्याऐंशी.” आणि इतके हसतात की समोरच्या दुकानातला सराफ डोकावतो. “अहो, अख्ख्या गुजरीत कायदा पाळणारं माणूस एकच, ते पण पावणं!”

काय सांगणार? सांगणार, की तुमच्या काळात चौदा कॅरेट कुणी लादत नाही, लोक आपणहून घेतात? की हॉलमार्कच्या यादीत ते मानाने बसलंय, आणि तुम्ही ते निवडलंत कारण दुकानातली मुलगी म्हणाली की रोज वापरायला हेच चांगलं? ती खरंच बोलली होती. एवढ्याशा हिऱ्याला चार नखांत धरून ठेवायला कडक धातूच हवा. बावीस कॅरेटची नखं महिन्यात वाकतील आणि हिरा बेसिनमध्ये जाईल. चौदा कॅरेट काही वाईट सोनं नव्हे. ते वेगळ्या दागिन्याचं सोनं आहे. साजाचं पान मऊ सोन्यात जन्माला आलं, त्याचा प्रत्येक फुगवटा त्या मऊपणाच्या भरवशावर काढलेला. दिल्लीत बसून कुणी शुद्धतेचा आकडा बदलला तेव्हा त्याला वाटलं असेल, आपण फक्त भेसळ वाढवतोय. इकडे माशाचं शेपूट तुटलं.

अण्णा अंगठी अजून न्याहाळताहेत. “हिच्यावर हातोडी पडल्याली न्हाई.” त्यात तक्रार नाही, नवल आहे. “ओतीव हाय. झाक हाय खरं. कुणी काढली नक्षी?” तुम्ही म्हणता, एका मुलीने. “पोरीनं?” ते दोनदा विचारतात, आणि अंगठी परत देताना अदबीने दोन बोटांत धरून देतात, कारागिराचा माल कारागिराने द्यावा तशी.

मग तो प्रश्न येतो ज्याला तुम्ही भीत होता. “तुम्ही शिकल्यालं दिसतासा. हे किती दिवस चालायचं वो?”

तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये मोरारजी अर्थखात्यातून जातील, वर्ष सरायच्या आत जुने दागिने मोडून घडवायला थोडी सूट मिळेल, चौदा कॅरेटची अट १९६६ साली उठेल. पण नियंत्रण उठणार नाही, १९६८ ला त्याचा रीतसर कायदा होईल आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडेल. त्याआधी देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतील. ऊस तोडायला गेलेल्या पोराचा हात तोवर जाड होऊन जाईल. यातलं काय सांगाल? तुम्ही म्हणता, “बदलेल, अण्णा.” अण्णा मान हलवतात. अशी मान त्यांनी या तीन आठवड्यांत बऱ्याच जणांपुढे हलवली असणार.

सूर्य कलतो तशी गल्ली रिकामी व्हायला लागते. सगळे देवळाकडे निघालेत. कालपासून किरणं येताहेत: मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. आज मधला दिवस. तुमच्या काळात वाटेतल्या इमारतींनी किरणं अडतात म्हणून मोजमापं होतात, तक्रारी होतात. आज महाद्वार रोड ठेंगणा आहे आणि ऊन सरळ चालत येतं. गर्दीत अण्णा तुमच्या पुढे उभे आहेत, टोपी हातात. प्रकाश पायरीपायरीने चढतो, देवीच्या अंगावरच्या दागिन्यांना लागतो आणि थांबतो. लोक हात जोडतात. अण्णांचे हात जोडलेले आहेत, पण डोळे मिटलेले नाहीत. ते देवीच्या गळ्याकडे बघताहेत, एकेका पानाकडे.

जेवण उरकून तुम्ही पुन्हा गुजरीत येता, कारण परतायची वेळ अजून झालेली नाही आणि कोल्हापुरात रात्री जायचं तरी कुठे. फळ्या लागल्यात. कोपऱ्यावर चहावाला शेगडी विझवतोय, त्याच्यापाशी एक पोलीस उभा आहे, बशीतून चहा ओढत. झारेकरीण घमेलं डोक्यावर घेऊन निघाली आहे.

बोळकंडीतून आवाज येतो. बारीक, अंतराअंतराने. टक. टक. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक.

पोलीस बशी खाली करतो. “कसला आवाज वो?”

चहावाला शेगडीत बघत म्हणतो, “पाट्याला टाकी लावत असतील.”

“एवढ्या रातीला?”

“लगीन हाय त्यांच्यात,” झारेकरीण चालता चालता म्हणते. “पुरणाला पाटा नको व्हय?”

पोलीस उरलेला चहा पितो, बशी देतो आणि भवानी मंडपाकडे चालू लागतो. झारेकरीण मात्र वळते. बोळकंडीच्या तोंडाशी, जिथे अण्णांची मोरी गटाराला मिळते, तिथे खाली वाकून ती जागा नीट बघून ठेवते.