चिनी महाल : प्रासाद आणि बंदिवास

बीडच्या उत्तरेस असलेल्या देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्यात, चाँदमिनार मागे टाकून वर चढू लागले म्हणजे चिनी महाल ही भग्न वास्तू लागते. या नावाचा चीन देशाशी थेट संबंध नाही. भिंतींवर जडविलेल्या निळ्या-पिवळ्या झिलईदार फरशांवरून, म्हणजे चिनी मातीच्या कामावरून, ते पडले. इतिहासात मात्र ही वास्तू गाजली ती राजबंद्यामुळे.

दौलताबादेस बंदिवास नवा नव्हता. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या अमदानीत, येथे आलेल्या इब्न बतूताने घोर अपराध्यांना ज्या विवरांत टाकीत त्यांचे वर्णन केले आहे. तेथील उंदीर मांजराहून मोठे असत आणि मांजरेच त्यांना भिऊन पळत, असे तो सांगतो. ही शिक्षा देहाची होती. मराठीतील ‘तुरुंग’ हा शब्दही याच जातीचा. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. पुढे पाय अडकविण्याचा खोडा आणि शेवटी बंदिगृह. मराठी ‘खोड’ आणि ‘खोडा’ या शब्दांतही अर्थाची तीच वाट दिसते.

चिनी महालातील बंदिवास निराळा होता. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतले, तेव्हा तेथील हुसेन निजामशहास दूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १६८७ मध्ये गोवळकोंडा फितुरीने पडला आणि शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा यास औरंगजेबाने दौलताबादेस पाठविले. त्यास सालीना ५०,००० रुपयांची नेमणूक होती. येथे खोडा नव्हता, विवरही नव्हते. राजास त्याच्या मुलखापासून तोडून दुसऱ्या बुडालेल्या राजवटीच्या किल्ल्यात बसविले, म्हणजे त्याच्या नावाने उठणारे कोणी जवळ उरत नसे. ‘नजरकैद’ हा अरबी मुळांचा, फार्सीतून आलेला समास या व्यवस्थेस नेमका लागतो. बेडीचे काम पहाऱ्याची नजर करते. सुमारे बारा वर्षांनी तानाशहा बंदिवासातच मरण पावला. त्याची कबर जवळच खुलदाबादेस आहे.

एकाच किल्ल्यातील ही दोन बंदिगृहे परस्परांशेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. विवरात अपराध्याचा देह संपे. महालात देह सांभाळून राज्याधिकार संपविला जाई. सौम्य दिसणारी दुसरी रीत राज्यकर्त्याच्या दृष्टीने अधिक परिणामकारक होती. म्हणूनच वास्तूच्या नावावरून तिच्या इतिहासाचे अनुमान जपून करावे लागते. ‘चिनी महाल’ या नावात फरशांची आठवण आहे, बंदिवानाची नाही.