फुलोरी माशी : एक जात की दोन?

अमरावती-अकोल्याकडे शेताच्या धुऱ्यावरील बोरी-बाभळींत, संत्र्याच्या बागेत किंवा घराभोवतीच्या कुंपणात तळहाताएवढे, उघड्यावर लोंबणारे एकच पोळे आढळते. हे फुलोरी माशीचे मोहोळ. आपल्या परिसरातील ही सर्वांत लहान डंखधारी मधमाशी. तिची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला मात्र दोनशे वर्षे लागली.

लिनियसचा शिष्य योहान फाब्रिसियस याने 1787 मध्ये तिचे 'एपिस फ्लोरिया' असे नामकरण केले. पुढे आल्फ्रेड रसेल वॉलेस याने बोर्निओतील सारावाक येथून पाठवलेल्या कीटकांत एक काळसर, लहान मधमाशी होती. फ्रेडरिक स्मिथ याने 1858 मध्ये तिला 'एपिस अँड्रेनिफॉर्मिस' हे नाव दिले. परंतु दोघींचा आकार जवळपास सारखा आणि पोळेही एकाच धाटणीचे. मग हा फरक केवळ रंगाचा तर नसेल? अनेक अभ्यासक तसेच मानत राहिले आणि काळी माशी फ्लोरियाचाच एक प्रकार ठरली.

कोंडी फुटली ती नरांच्या अभ्यासातून. 1987 मध्ये चीनमधील दोन संशोधकांनी या दोन स्वतंत्र जाती असल्याचे पुन्हा मांडले. नरांच्या जननेंद्रियांची रचना वेगळी आहे आणि मागच्या पायावरील अंगठ्यासारख्या फाट्याची लांबीही वेगळी आहे. थायलंडमध्ये दोन्ही माश्या एकाच प्रदेशात राहतात. तेथे अँड्रेनिफॉर्मिसचे नर भर दुपारी, तर फ्लोरियाचे नर त्यानंतर उड्डाण करतात, असे दिसून आले. वेळ निराळी, म्हणून संकर नाही. जात ठरवताना रंगापेक्षा प्रजननातील वेगळेपण महत्त्वाचे, हा धडा या इतिहासातून मिळतो.

भारतात अँड्रेनिफॉर्मिस ईशान्येकडील राज्यांत आढळते. वऱ्हाडातील माशी फ्लोरियाच. कामकरी माशीच्या पोटाचे पुढचे वलय तांबूस असते, तर मागे काळे-पांढरे पट्टे असतात. मागच्या पायांवरचे केस पांढुरके असतात. अँड्रेनिफॉर्मिसमध्ये ते काळे असतात. नुकत्याच बाहेर पडलेल्या माश्या फिकट असल्यामुळे एकाच माशीवरून निष्कर्ष काढू नये.

इतर मधमाश्यांपासून फुलोरीला ओळखणे सोपे आहे. आग्या माशी कितीतरी मोठी असून तिचे पोळे उंच झाडाला किंवा कड्याला लटकते. सातेरी ढोलीत समांतर पोळी बांधते. डंखहीन पोयाची माशी भिंतीच्या किंवा झाडाच्या पोकळीत राहते. फुलोरीचे पोळे मात्र फांदीला वेढून बांधलेले असते. वरच्या फुगीर भागात मध आणि खाली अंडी-अळ्या अशी त्याची मांडणी. मुंग्या येऊ नयेत म्हणून पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाची कडी केलेली असतात.

या पोळ्याचा माथा म्हणजे माश्यांचे नृत्याचे अंगण. मार्टिन लिंडाउअर याने श्रीलंकेत अभ्यास करून 1956 मध्ये दाखवले, की फुलोरी या आडव्या पृष्ठभागावर नाचते आणि फुलांची दिशा सरळ दाखवते. सातेरी अंधाऱ्या ढोलीतील उभ्या पोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भाने तीच दिशा कळवते. फुलोरीचे पोळे फिरवून माथा उभा केला, की ती नाच थांबवून नव्या वरच्या बाजूकडे धाव घेते.

उष्ण, कोरड्या सखल प्रदेशात फुलोरी चांगली टिकते. 1985 मध्ये ती सुदानमधील खार्टुम येथेही आढळली आणि पुढे आफ्रिकेत स्थिरावली. असे असले तरी उघडे पोळे हेच तिचे दुबळेपण. जागा असुरक्षित वाटली की ती स्थलांतर करते. नवी जागा जवळ असल्यास जुन्या पोळ्याचे मेणही उचलून नेते.

पेटीत राहत नसल्याने तिचा सांभाळ कोणाच्याच हिशेबात नसतो. मात्र करडई, सूर्यफूल, कांद्याचे बियाणे आणि संत्र्याच्या फुलांवर तिची ये-जा असते. धुऱ्यावरची झुडपे सरसकट तोडली तर तिचा निवाराच जातो. फुलोऱ्यात भर दुपारी फवारणी झाली तर माश्या मरतात. मधासाठी अख्खे पोळे कापले तर अळ्यांसह पुढची पिढीही जाते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह शाळेच्या परिसरातील मोहोळांची नोंद जरूर करावी. झाड, जमिनीपासूनची उंची, सावली, मोहोळ आढळल्याचा आणि ओसाड झाल्याचा दिनांक एवढे पुरेसे आहे. पोळ्यापासून चार-पाच हात दूर राहावे. काही वर्षांच्या अशा वहीतून आपल्या गावच्या धुऱ्यावर काय उरले आणि काय गेले, हे मुलांना स्वतःच्याच नोंदींवरून सांगता येईल.