बारनिशी : सचिवांचे दप्तर आणि विखुरलेली यंत्रे

भोर हे पंत सचिवांचे गाव. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांतले सचिवपद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायण यांच्याकडे आले, त्यांच्या घराण्यात राहिले, आणि त्यातूनच १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकलेले भोर संस्थान उभे राहिले. राजगड आणि तोरणा हे किल्लेही याच संस्थानाच्या मुलखात होते. सचिवांच्या गडकोटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या मूळ कामाविषयी मात्र आपण एका ओळीत बोलून पुढे जातो. सचिव म्हणजे पूर्वीचा सुरनीस. राजपत्रे तपासावीत, कमी-जास्त अक्षर दुरुस्त करावे, महाल-परगण्यांचे हिशेब पाहावेत, हे त्याचे काम. राजाची आज्ञा बाहेर पडण्याआधी ती ज्याच्या नजरेखालून जाई, तो हा अधिकारी.

माझा पोटापाण्याचा धंदा संगणकप्रणालींचा. एकच काम अनेक यंत्रांवर विखुरलेले असते तेव्हा ते कुठे रेंगाळते हे शोधणे, हा त्यातला माझा भाग. सुरनिसाचे वर्णन वाचताना हा आपल्याच खात्यातला माणूस आहे असे मला वाटत आले आहे. या सारखेपणात गमतीपलीकडचे काही आहे का, ते इथे तपासून पाहायचे आहे.

आधी आजचे काम कसे चालते ते पाहू. भोरच्या बाजारात कुणी भाजीवाल्या मावशींना मोबाइलवरून चाळीस रुपये देतो. ही विनंती ॲपकडून त्याच्या बँकेकडे, तिथून यूपीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे, मग पैसे देणाऱ्याच्या खात्याच्या बँकेकडे आणि घेणाऱ्याच्या बँकेकडे जाते. यातले कोणतेही यंत्र निरोप धाडल्यावर हात बांधून उत्तराची वाट पाहत नाही. निरोप धाडतो, दुसऱ्या हजार कामांना लागतो, आणि उत्तर आले की अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेतो. या पद्धतीला संगणकाच्या परिभाषेत ‘असिंक्रोनस’ म्हणतात. तिच्यामुळे थोडी यंत्रे प्रचंड काम उरकतात. पण पैसे अडकले आणि पडद्यावर ‘पेंडिंग’ आले की तिची दुसरी बाजू दिसते: प्रत्येक यंत्राला विचारले तर प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडे काही अडलेले नाही. मावशींच्या हातात मात्र चाळीस रुपये आलेले नसतात.

वेल्ह्याच्या राजगडाने, त्या तालुक्याचे नावही आता राजगडच आहे, ही अवस्था मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. मार्च १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारातला प्रसंग घडला, मग नजरकैद, आणि १७ ऑगस्टला सुटका. या सगळ्या काळात राजगड थांबून राहिला नाही. जिजाबाई आणि मागे राहिलेले कारभारी राज्य चालवीत होते. धनी पाचशे कोस दूर, खबर येईल तेव्हा येईल, पण गड राखायचे, वसूल गोळा करायचा, न्याय द्यायचा. उत्तर येण्याआधी काम चालू ठेवता येणे ही त्या राज्ययंत्रणेची ताकद होती. आणि तिच्यातही तीच दुसरी बाजू होती: महाराज राजगडी नेमके कधी पोहोचले, याविषयी अभ्यासकांत १२ सप्टेंबर आणि २० नोव्हेंबर असे दोन पक्ष आहेत. एवढ्या मोठ्या घटनेच्या दोन टोकांतले अंतर २६ दिवसांचे की ९५ दिवसांचे, हे ठरायला नोंदींवर नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

म्हणून कागदावरच्या खुणा महत्त्वाच्या. शिवकालीन पत्रांवर मजकुराखेरीज ‘मोर्तब सूद’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे छोटे शेरे असतात. वाचणारा ते वगळतो. पण पत्र कोणत्या हातांतून गेले आणि दप्तरी नोंदले गेले, ते हेच शेरे सांगतात. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर तर पत्र मिळाल्याची मितीही वेगळी टिपलेली असते, ती पैवस्ती. लिहिल्याची एक मिती आणि पावल्याची दुसरी, यांची वजाबाकी केली की पत्र वाटेत किती दिवस होते ते कळते. ‘बार’ हा शब्द तर अजून जिवंत आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदणाऱ्या शाखेला आजही बारनिशी म्हणतात.

२०१० साली गूगलच्या अभियंत्यांनी ‘डॅपर’ नावाच्या आपल्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातली मूळ कल्पना याच जातीची होती. प्रत्येक विनंतीला जन्मतःच एक क्रमांक द्यायचा. ती ज्या ज्या यंत्रातून जाईल तिथे त्या क्रमांकासह आल्याची आणि गेल्याची वेळ टिपायची. नंतर एका क्रमांकाच्या साऱ्या नोंदी गोळा करून प्रवास पुन्हा जुळवायचा. २०२० साली वेबच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने हा ३२ अक्षरी क्रमांक निरोपाबरोबर कसा न्यायचा याचे मानकही ठरवले. अवघड जागा एकच. काम एका हातातून सुटून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणी क्रमांक मागे राहिला, तर तिथून पुढचा माग तुटतो. खूण कारकुनाच्या आठवणीत ठेवून चालत नाही. ती कागदाच्याच पाठीवर हवी.

दुसरी अडचण घड्याळांची. विखुरलेल्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखे दिसू शकते. इतिहास संशोधकाला हे नवे नाही. सतराव्या शतकात गोव्याचे पोर्तुगीज नवी कालगणना पाळत होते, तर सुरत-राजापूरचे इंग्रज जुनी. दोघांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक. शिवाय शक, हिजरी, शुहूर, फसली, आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शक. अशा वेळी संशोधक तारखेवर विसंबत नाही. एका पत्रात दुसरे पावल्याचा उल्लेख असेल तर ते दुसरे आधीचे, हे तो धरून चालतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली विखुरलेल्या प्रणालींतल्या घटनाक्रमावर जो निबंध लिहिला, त्याचा पाया हाच: निरोप धाडणे हे तो मिळण्याच्या आधीच घडलेले असते, मग घड्याळे काही म्हणोत.

नोंद कशी असावी याचा धडा भोर तालुक्यातच, कारी गावात मिळतो. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने ती प्रसिद्ध केली. घटनांच्या मित्यांची ही कोरडी यादी. पण शिवजन्माची तिची नोंद पाहा: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, वर घटी-पळे. नुसता शक लिहिला असता तर नकलकाराची एक चूक पुरे होती. इथे संवत्सर शकाला, वार तिथीला, नक्षत्र दोघांना ताडून पाहता येते. तोवर १६२७ हे साल रूढ होते. ‘शिवभारत’ आणि राजस्थानात सापडलेली कुंडली यांनी दुजोरा दिल्यावर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य होत गेली आणि आज शासकीय शिवजयंती त्याच दिवशी होते. स्वतःची तपासणी स्वतःबरोबर वाहणारी नोंद परक्या पुराव्यासमोरही उभी राहते.

आता मुख्य मुद्दा. काम कुठे रेंगाळते? माझ्या अनुभवात ते काम करण्यात क्वचितच रेंगाळते. रेंगाळते ते वाट पाहण्यात. आणि वाट पाहणे दिसत नाही, कारण वाट पाहणारे यंत्र रिकामे, निवांत दिसते. आपल्या कचेऱ्यांतल्या सहा गठ्ठे पद्धतीत याला रीतसर जागा आहे: निर्णयासाठीच्या कागदांचा गठ्ठा वेगळा आणि ‘प्रतीक्षाधीन’ वेगळा. फेरफारासाठी चार हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याचा कागद बहुधा या दुसऱ्या गठ्ठ्यात असतो. कारकुनाचे टेबल स्वच्छ, साहेबांचेही स्वच्छ. उशीर दोघांच्या मधल्या वाटेवर. टेबले मोजून तो सापडत नाही. कागद मोजावा लागतो, अर्ज दिल्यापासून हाती निकाल पडेपर्यंत.

सरासरी इथे विशेष फसवते. गूगलचे जेफ डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३ साली साधे गणित मांडले. एक यंत्र शंभरातून एकदाच उशीर करते असे धरा. पण एका विनंतीला अशा शंभर यंत्रांची उत्तरे लागत असतील, तर शंभरातल्या ६३ विनंत्या उशिरा पुऱ्या होतील. प्रत्येक खात्याचा अहवाल नव्याण्णव टक्के चांगला, आणि दारात उभ्या माणसांतले निम्म्याहून अधिक ताटकळलेले.

आणि शांतता म्हणजे कुशल नव्हे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेले होते. त्यांना खबर कळली ती २४ जानेवारीला भेलशाजवळ, सावकाराच्या हाती लागलेल्या पत्रातून. दहा दिवस आपल्या माणसांकडून काहीच येत नव्हते, आणि त्या न येण्याचा अर्थ लावायला काही साधन नव्हते. आज प्रत्येक निरोपाला उत्तराची मुदत लावतात; मुदत टळली की उत्तर न येणे हीच बातमी धरतात. हा नियम कुणाला तरी महाग पडल्यावरच सुचतो.

एका बाबतीत मात्र जुने दप्तर आपल्या पुढे आहे. आजच्या नोंदी अफाट असतात, म्हणून साठवणीचा खर्च वाचवायला त्या निवडून घेतात. डॅपर तर सुरुवातीला १०२४ विनंत्यांतली एकच टिपत असे. घेतलेल्या नोंदीही काही आठवड्यांत पुसल्या जातात. त्या दिवसाचा बिघाड शोधायला एवढे पुरते. पण कोट्यवधी लोकांचे पैसे, रेशन, सातबारा ज्या प्रणालींवर चालतात, त्या कुठे अडत होत्या आणि त्याची झळ कुणाला बसत होती, हे शंभर वर्षांनी विचारणाऱ्यासाठी काय उरेल? जेधे शकावलीतही निवड आहे. रोजचा दिवस तिच्यात नाही. पण जे निवडले ते एका घराने पिढ्यानपिढ्या सांभाळले. आमच्या यंत्रांना अजून असे कारीचे घर मिळालेले नाही.