साहस आणि धैर्य : इंग्लिश खाडीचा धडा

संस्कृत धर्मशास्त्रांत 'साहस' हा शब्द गुन्ह्याच्या एका प्रकाराला लावलेला आढळतो. बळाच्या जोरावर, परिणामांची पर्वा न करतां केलेलें दांडगाईचें कृत्य, तें साहस. पुढें मराठींत या शब्दाला गौरवाचा अर्थ चढला. तथापि 'भलतें साहस करूं नये' या नेहमींच्या बोलण्यांत जुन्या अर्थाची खूण अजून शिल्लक आहे. साहसाला धैर्य केव्हां म्हणावें आणि अविचार केव्हां, हें पारखून घेण्यास इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यांच्या इतिहासाइतकें चांगलें साधन क्वचितच मिळेल.

इंग्लंड व फ्रान्स यांमधील ही खाडी डोव्हरजवळ सर्वांत अरुंद असून तेथें तिची रुंदी सुमारें २१ मैल आहे. कसलेल्या पोहणाऱ्यास केवळ एवढें अंतर भारी नाहीं. परंतु भरती-ओहोटीचा ओढा दर सहा तासांच्या सुमारास दिशा पालटतो आणि पोहणाऱ्यास एकदां ईशान्येस, एकदां नैऋत्येस लोटीत राहतो. त्यांत पाणी भर उन्हाळ्यांतहि १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें, आणि पाणी हें हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें अंगांतील ऊब ओढून नेतें.

कॅप्टन मॅथ्यू वेब हा व्यापारी जहाजांवरचा इंग्रज खलाशी. १२ ऑगस्ट १८७५ रोजीं त्यानें पहिला प्रयत्न केला. वारा व लाटा अनावर झाल्या, तेव्हां तो मुकाट्यानें परतला. बाराच दिवसांनीं, २४ ऑगस्टला दुपारीं, डोव्हरच्या धक्क्यावरून त्यानें पुन्हां उडी घेतली. रात्रीं जेलीफिशनें त्याला दंश केला; सोबतच्या नावेंतून ब्रँडी देण्यांत आली, आणि तो पुढें निघाला. पहांटेच्या सुमारास फ्रान्सचा किनारा जवळ आला. पण ओढा असा उलटला कीं, समोर दिसणारी भूमि कित्येक तास हातीं लागेना. अखेर २१ तास ४५ मिनिटांनीं त्याचे पाय कॅलेच्या वाळूला लागले. त्याच्यानंतर खाडी पोहून जाण्यांत दुसऱ्या कोणास यश येण्यास १९११ साल उजाडावें लागलें.

वेब टिकला तो केवळ बाहुबळावर नव्हे. थंडी प्रथम कातडीखालच्या रक्तवाहिन्या आंवळते, मग हातपाय जड करते. आणि शरीराच्या गाभ्याची उष्णता ३५ अंशांखालीं गेली म्हणजे बुद्धीवरच मळभ येऊं लागतें. बोलणें अडखळतें, हिशेब चुकतो. ज्या मनानें निर्णय घ्यावयाचा, तेंच मन गारठून जातें. म्हणून नियमानें पोहणाऱ्यास कोणी स्पर्श करावयाचा नसला, तरी नावेंतील माणसें त्याच्यावर सारखी नजर ठेवतात आणि वेळ आल्यास त्याला वर घेतात. एकट्याचें दिसणारें हें धैर्य असें दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून असतें.

मनाला आणखी एक आधार लागतो, तो म्हणजे दृष्टीसमोरील ध्येय. फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन स्त्रीनें १९५० व १९५१ सालीं इंग्लिश खाडी दोन्ही दिशांनीं पार केली होती. पुढें ४ जुलै १९५२ रोजीं कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापासून मुख्य भूमीकडे ती पोहूं लागली. धुकें इतकें दाट होतें कीं, सोबतच्या नावाहि नीट दिसेनात. किनारा जवळ आला आहे, असें नावेंतून तिची आई व शिक्षक सांगत होते. तरी सुमारें सोळा तासांनीं तिनें स्वतःस वर घेण्यास सांगितलें. तेव्हां किनारा एक मैलहि उरला नव्हता. भूमि दिसती, तर कदाचित् आपण पोंचलों असतों, असें ती मागाहून म्हणाली. त्याच वर्षीं २० सप्टेंबरला तिनें तें अंतर १३ तास ४७ मिनिटांत कापलें.

असाच प्रसंग कलकत्त्याच्या आरती साहा हिच्यावर आला. २७ ऑगस्ट १९५९ रोजीं तिची वाट दाखविणारी नाव ४० मिनिटें उशिरा आली. अनुकूल ओढ्याची वेळ टळली. तासन्‌तास झुंजूनहि, इंग्लंडचा किनारा थोड्या मैलांवर असतांना, प्रतिकूल प्रवाहापुढें तिला माघार घ्यावी लागली. चूक तिची नव्हती. पण त्याचें रडगाणें न गातां ती तेथेंच राहिली आणि २९ सप्टेंबरला पुन्हां पाण्यांत उतरली. १६ तास २० मिनिटांनीं इंग्लंडच्या किनाऱ्यास लागलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. १९६० सालीं तिला 'पद्मश्री' मिळाली.

या तिघांच्याहि यशामागें एकेक माघार उभी आहे. माघार घेतांना त्यांनीं प्रयत्न सोडला. संकल्प सोडला नाहीं.

वेबच्या चरित्राचें शेवटचें पान मात्र निराळें आहे. कीर्तीचा बहर ओसरला, पैशाची निकड लागली, आणि २४ जुलै १८८३ रोजीं नायगारा धबधब्याखालच्या भोंवऱ्यांच्या वेगवान प्रवाहांत त्यानें उडी घेतली. तेथें वाट पाहून टळेल असा ओढा नव्हता, संकटांत वर घेईल अशी नाव नव्हती, आणि परतण्यास मार्ग नव्हता. चार दिवसांनीं त्याचें प्रेत सांपडलें. वय अवघें पस्तीस.

मनुष्य तोच, छातीहि तीच. १२ ऑगस्टला परत फिरणारा वेब धीराचा होता. नायगाऱ्यांत उडी घेणारा वेब साहसी होता, पण त्या शब्दाच्या जुन्या अर्थानें.